दार ढकला, जावईबापू!

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की दार ही वस्तू उघडण्यासाठी असते.

हे आपल्याला ठाऊकच आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होतं. पण लखनौच्या विकास नगरात, माझ्याच घराच्या तळमजल्यावर, एका शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता माझी ही समजूत साफ चुकीची निघाली. तीही एका सरकारी अधिकाऱ्यासमोर. तेही मी भाषण करत असताना!

आधी या विषयातला माझा अधिकार सांगतो. मी इथल्या एका संशोधन संस्थेत गवताच्या मुळांचा अभ्यास करतो. (हसू नका. गवताने मला घर दिलं, गाडी दिली, विकास नगरात ओळख दिली. शेजारी मला ‘घासवाले डॉक्टर साहब’ म्हणतात.) काही वर्षांपूर्वी संस्थेत सुरक्षा समिती नेमायची ठरली. सचिव कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा बैठकीला सगळे हजर होते आणि मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलो होतो. माझी एकमताने निवड झाली!

मग मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि मी झपाटूनच परतलो. बाहेर पडायचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, कारण घाबरलेली गर्दी ढकलते, ओढत बसत नाही. दार एका झटक्यात, किल्लीशिवाय आणि डोकं न वापरता उघडलं पाहिजे. दारापुढे अडगळ नको. आणि पळायला दुसरा रस्ता हवाच हवा. तेव्हापासून मी लग्नाला गेलो तरी आधी मांडवाच्या वाटा मोजतो, मग नवरानवरीकडे वळतो. थिएटरात तर माझी मान पडद्याकडे कमी आणि हिरव्या दिव्याकडे जास्त. आमची सई (वय एकोणीस, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत) मला सांगते, ‘‘बाबा, प्लीज़, पिक्चर देखो. दरवाज़ा कहीं नहीं जा रहा.’’

माझी बायको वसुधा हिने अलीगंजच्या एका शाळेत बावीस वर्षं बालवर्गाला शिकवलं. बावीस वर्षं एकच स्वप्न, आपलं स्वतःचं पाळणाघर. गेल्या वर्षी आमच्या तळमजल्यावरचे भाडेकरू गेले आणि तिने नोकरी सोडली. दोन खोल्या, छोटंसं स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. भिंती पिवळ्या झाल्या, आठ बुटक्या खुर्च्या आल्या, आठ नॅपकिनांवर तिने आठ मुलांची नावं स्वतःच्या हाताने भरली. पाळणाघराचं नाव ‘किलबिल’. पहिला प्रवेश पिहूचा. वय साडेतीन, आवाज मात्र तिच्या चौपट. पिहूची आई हवाई दलात, रजा संपत आलेली, आणि किलबिल सुरू होण्याच्या सोमवारीच तिला हजर व्हायचं होतं. आता फक्त एक गोष्ट उरली होती, अग्निसुरक्षेचा दाखला. तो नसेल तर किलबिल नाही, आणि आठही आया आपापली पिल्लं घेऊन दुसरीकडे जाणार, हे उघड होतं.

‘‘दारांचं मी बघतो!’’ मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

वसुधाने एक लांब श्वास सोडला. (तो मी तेव्हाच नीट ऐकायला हवा होता.)

मी हार्डवेअरच्या बाजारात जाऊन पॅनिक बार घेऊन आलो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दाराच्या आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर एक आडवा दांडा असतो. घाबरलेल्या माणसाने त्याच्यावर नुसतं अंग टाकलं की खिटी सुटते आणि दार बाहेर उघडतं. कडी शोधा, मूठ फिरवा, काही नाही. या दाराला आतून दुसरी मूठ नसतेच. बाहेरून उघडायचं कुलूप दुकानदार आठवड्याने देणार होता, तोवर दिवसभर दाराला वीट लावून ते उघडं ठेवायचं, असं ठरलं.

आमचे सुतार रईस मियाँ. साठीचे, पांढरी दाढी, हातात जादू आणि जिभेवर मध. त्यांनी दांडा दोन्ही हातांवर झेलून असा पाहिला की जणू मी त्यांना तलवार भेट देत होतो.

‘‘माशाल्लाह! लग जाएगा, जनाब. बिल्कुल लग जाएगा.’’

‘‘और दरवाज़ा बाहर की तरफ़ खुलेगा,’’ मी बजावलं. आमचं दार तोवर आत उघडत होतं.

‘‘जो हुक्म.’’

इथे आमच्या नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. नाना म्हणजे माझे सासरे. वाईचे निवृत्त पोस्टमास्तर, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आले. मला लग्नापासून ‘जावईबापू’ म्हणतात आणि तेव्हापासून माझ्या एकाही म्हणण्याला त्यांनी होकार दिलेला नाही.

‘‘जावईबापू, घराचं दार बाहेर उघडत नसतं.’’

‘‘नाना, आता हे घर नाही, पाळणाघर आहे. नियम आहे तसा.’’

‘‘लक्ष्मी बाहेरून येते. तिच्या तोंडावर तुम्ही दार उघडणार? आलेल्या बाईच्या नाकावर फळी आपटायची? चौऱ्याऐंशी वर्षांत असं दार मी पाहिलेलं नाही!’’

‘‘नाना, बसच्या मागच्या दाराला—’’

‘‘बसमध्ये लक्ष्मी येत नसते, कंडक्टर येतो.’’

मी विषय तिथेच थांबवला, कारण मला तीन दिवस भोपाळला जायचं होतं. सुरक्षित निर्गमन या विषयावर निबंध वाचायला! जाताना मी फोनवर आणखी एक हुकूम सोडला. मी मागवलेली अग्निशमन साहित्याची पेटी येईल, ती मागच्या खोलीत ठेवा आणि मी आल्याशिवाय तिला कोणीही हात लावू नका.

आता मी नसताना काय झालं, ते मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे माझ्याइतके धक्के तुम्हाला बसणार नाहीत.

मी गेल्यावर रईस मियाँ आले. नानांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, वाईच्या घाटावरच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि शेवटी म्हणाले, ‘‘मियाँ, दरवाज़ा आत ही खुलना चाहिए. मेरी आखिरी इच्छा समझो.’’ (नानांच्या शेवटच्या इच्छा महिन्याला सरासरी तीन असतात. पण रईस मियाँना ते कुठून माहीत असणार?) आता तुम्हाला वाटेल, मुंबईचा, पुण्याचा कुठलाही सुतार असता तर सरळ मला फोन करून ओरडला असता. पण हे लखनौ. इथे दोन सभ्य माणसांचं म्हणणं एकमेकांविरुद्ध आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगणं हा घोर उर्मटपणा. रईस मियाँनी विचार केला, आणि दोघांचाही मान राखला. माझा दांडा बसवला. नानांच्या बिजागऱ्या तशाच ठेवल्या.

थोडक्यात, ढकलून उघडायचा दांडा ओढून उघडायच्या दाराला!

शनिवारी माझी गाडी चार तास उशिरा आली. मी रिक्षातून उतरतो तोच अग्निशमन खात्याचे श्रीवास्तव साहेब फाटकाशी. हातात फाइल, गळ्यात चष्मा, चेहरा शांत. रईस मियाँ व्हरांड्यात बसून राहिलेली एक फळी घासत होते. नाना उघड्या दारात उभे राहून साहेबांना नमस्कार करत होते. मी नानांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलंच नाही. उघड्या दाराकडे कोण बघतं? (सुरक्षा समितीच्या सचिवाने बघावं, अशी अपेक्षा असते. मान्य आहे.)

‘‘जावईबापू, एक सांगायचं होतं...’’ नाना हळूच म्हणाले.

‘‘नंतर, नाना!’’

‘‘जनाब, एक छोटी सी गुज़ारिश थी...’’ रईस मियाँ उठून उभे राहिले.

‘‘बाद में, मियाँ, बाद में!’’

वसुधा आत शिरा परतत होती, साहेबांसाठी. तुपाचा वास सुटलेला. सईने साहेबांना बसायला खुर्ची दिली. सगळ्या खुर्च्या बुटक्याच होत्या, त्यामुळे साहेब बसले तेव्हा त्यांचे गुडघे त्यांच्या कानांच्या शेजारी आले. तशाच अवस्थेत त्यांनी फाइल उघडली.

‘‘डॉक्टर साहब, मान लीजिए धुआँ भर गया है, बिजली चली गई है. आप क्या करेंगे?’’

मी या प्रश्नाची तीन वर्षं वाट पाहत होतो.

‘‘साहब,’’ मी एक पाऊल पुढे टाकलं, एक हात वर नेला आणि आवाज खाली आणला, ‘‘मैं कुछ नहीं करूँगा. दरवाज़ा करेगा!’’

आणि मग प्रात्यक्षिक. मी नानांना बाहेर व्हरांड्यात उभं केलं. ‘‘नाना, तुम्ही घड्याळ लावा. मी किती सेकंदांत बाहेर येतो ते मोजा.’’

‘‘अहो, पण जावईबापू...’’

‘‘मोजा!’’

वीट बाजूला सारली आणि मी आतून ढकलून दार लावून घेतलं. खटकन खिटी बसली. आता बाहेर उघडणारं दार आतून ढकलून कधी बंद होतं का? होत नाही! हे कुठल्याही शाळकरी पोराने सांगितलं असतं. मला ते कळायला बराच वेळ लागला. त्यातले पहिले तीन सेकंद मी धावण्यात घालवले.

मी खोलीच्या त्या टोकाला गेलो, ‘‘आग! आग!’’ असा आक्रोश केला (माझा आवाज चांगला आहे, संस्थेच्या नाटकात मी नेहमी राजा असतो), धावत आलो आणि कमरेने दांड्यावर झेपावलो.

धाड!

दार जिथल्या तिथे. मी तीन पावलं मागे.

‘‘एक मिनट,’’ मी साहेबांना म्हणालो आणि पुन्हा झेपावलो. धाड! साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मी खांदा लावला, पाठ लावली. दांडा आज्ञाधारकपणे दाबला जात होता, खिटी सुटत होती, आणि सुटलेलं दार मी स्वतःच सगळ्या ताकदीने चौकटीत दाबून धरत होतो!

‘‘बाबा,’’ सई म्हणाली, ‘‘यह अंदर खुलता है.’’

‘‘अशक्य!’’

‘‘कब्ज़े देखो. अंदर की तरफ़ हैं.’’

मी बिजागऱ्या पाहिल्या. मग साहेबांकडे पाहिलं. साहेब फाइलीत काहीतरी लिहीत होते. लिहिणं फार सावकाश चाललं होतं.

‘‘रईस मियाँ!’’ मी ओरडलो.

बाहेरून खिडकीपाशी एक पांढरी दाढी आली. ‘‘हुज़ूर, अर्ज़ करना चाहता था. आपने फ़रमाया डंडा लगे, लगा दिया. बुज़ुर्गवार ने फ़रमाया अंदर खुले, अंदर रहने दिया. अब दो शरीफ़ आदमियों के बीच मैं कौन होता हूँ बोलने वाला?’’

दाढीच्या शेजारी नानांचा चेहरा आला. ‘‘मी सांगत होतो, जावईबापू. तुम्हीच म्हणालात, नंतर.’’

‘‘कोई बात नहीं,’’ श्रीवास्तव साहेब म्हणाले. ‘‘दूसरा रास्ता?’’

दुसरा रस्ता! मी साहेबांना रुबाबात मागच्या खोलीकडे नेलं. मागचं दार होतं, अगदी नियमाप्रमाणे होतं. फक्त दिसत नव्हतं. त्याच्यापुढे छातीएवढी लाकडी पेटी उभी होती. चार माणसांनी आणून ठेवलेली, आठ बादल्यांची वाळू तिच्यातच भरलेली, आणि मी आल्याशिवाय हात लावायचा नाही असं सांगितल्यामुळे तिला कोणी हात लावलेला नव्हता. मी ढकलली. ती हलली नाही. सईने आणि मी मिळून ढकलली. तिने करकर असा आवाज करून आम्हाला हसून दाखवलं. पेटीतल्या सामानाची यादी वर चिकटवली होती. साहेबांनी ती मोठ्याने वाचली.

‘‘सूचना पट्ट. रास्ता खाली रखें. छह नग.’’

 

खिडकीचं विचारू नका. विकास नगरात माकडं इतकी की इथे कोणाच्याही खिडकीला गज नाहीत असं होत नाही. आमचे तर मी स्वतः उभा राहून चौकटीला वेल्डिंग करून घेतले होते, पक्के! माकड आत येऊ नये म्हणून. माणूस बाहेर जाऊ शकणार नाही, हा विचार त्या वेळी गवताच्या मुळाशी कुठेतरी राहून गेला.

आणि नेमक्या याच क्षणी वसुधा धावत बाहेर आली. ‘‘अहो, कसले आवाज येताहेत? काय आपटताय?’’

तिने आम्हा सगळ्यांचे चेहरे पाहिले. एका क्षणात तिला सगळं कळलं. आणि त्या क्षणात मागे गॅसवर शिरा लागला.

मी स्वयंपाकघरात गॅसच्या बरोबर वर धुराची घंटा बसवली होती. (माझी सूचना, माझी निवड, आणि बाजारातली सगळ्यात मोठ्या आवाजाची.) ती वाजली! अशी वाजली की कुंपणावर बसलेली माकडं, जी वर्षानुवर्षं फटाक्यांनाही दाद देत नाहीत, ती चार घरं पलीकडे गेली. वसुधा आत धावली, गॅस बंद केला, पण घंटा थांबेना. घाबरायचं काही कारण नव्हतं, साधा जळका शिरा होता. पण घंटा वाजली की माणसाचं शहाणपण कानातून बाहेर पडतं. मी पुन्हा दाराकडे धावलो आणि दांड्यावर अंग टाकलं.

‘‘बाहर से धक्का दीजिए!’’ साहेब ओरडले. मागच्या खोलीतून येऊन ते पुन्हा बुटक्या खुर्चीवर बसले होते; उठताना ती खुर्चीही त्यांच्या मागे चिकटून आली होती, पण त्याकडे बघायला कोणाला वेळ होता?

बाहेर नाना आणि रईस मियाँ दोघे दाराला भिडले. आत मी. ते आत ढकलताहेत, मी बाहेर ढकलतोय. दांडा दाबला नाही तर खिटी सुटत नाही. आणि दांडा दाबला की दार माझ्याच जोराने बंद!

‘‘जावईबापू, दार ढकला!’’ नाना बाहेरून.

‘‘ढकलतोच आहे!’’

‘‘मग ढकलू नका!’’

‘‘पण मग खिटी कशी सुटेल?’’

‘‘आम्ही ढकलतोय ना!’’

‘‘तुम्ही ढकलताय म्हणूनच मला जोर लावावा लागतोय!’’

दोन म्हातारी माणसं आणि मी, तिघांचं वय मिळून दोनशे वर्षं, अशी आमची ती कुस्ती पुढची किती मिनिटं चालली, मला सांगता येणार नाही. नानांनी घड्याळ लावलं होतं, पण ते बघायला ते विसरले. (तुम्ही आता वाट बघत असाल की लखनौच्या दारात मी ‘पहले आप’चा विनोद करणार. माफ करा. तिथे प्रत्येकाला स्वतःलाच आधी बाहेर पडायचं होतं.)

‘‘अहो, बाजूला व्हा.’’

वसुधा होती. हाताला तूप, गालाला धुराचा डाग. मी बाजूला झालो. तिने उजव्या हाताची दोन बोटं दांड्यावर ठेवली. नुसती ठेवली. बावीस वर्षं रडणाऱ्या मुलांच्या कपाळावर ती जशी ठेवत आली, तशीच. खिटी सुटल्याचा बारीक आवाज आला.

‘‘नाना, आता.’’

दार उघडलं! ते थेट माझ्या नाकावर उघडलं. पाठोपाठ नाना आत आले, नानांवर रईस मियाँ आले, आणि रईस मियाँवर त्यांची हत्यारांची पिशवी आली. साहेबांनी खुर्ची मागून सोडवून नानांना बसायला दिली.

घंटा एकदाची बंद झाली. वसुधा एका बुटक्या खुर्चीवर बसली. समोर दोरीवर आठ नॅपकिन वाळत होते. ती ‘पिहू’ लिहिलेल्या नॅपकिनाकडे बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं. मी नाक धरून उभा होतो.

श्रीवास्तव साहेबांनी फाइल मिटली. मग म्हणाले, ‘‘मैडम, मैंने बहुत दरवाज़े देखे हैं. घबराए हुए आदमी के लिए बना डंडा, और खुलता है सिर्फ़ उसके लिए जो न घबराए! यह पहली बार देखा. लेकिन बच्चे तो घबराएँगे.’’

‘‘जी,’’ वसुधा म्हणाली.

‘‘सर्टिफ़िकेट आज नहीं दे सकता. पर कमरा अच्छा है, धूप अच्छी है, और आप... आप इस घर में सबसे अच्छी हैं. अगले शनिवार आऊँगा. दरवाज़ा, खिड़की, पीछे का रास्ता. तीनों.’’ मग माझ्याकडे वळून ते अतिशय आदराने म्हणाले, ‘‘और डॉक्टर साहब को थोड़ा आराम दीजिए.’’

म्हणजे आमच्याकडे एक आठवडा होता. सोमवारी उद्घाटन, त्याआधीच्या शनिवारी तपासणी. वसुधा उठली, गालावरचा डाग पुसला आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. माझ्याकडे तिने एकच काम दिलं, कशालाही हात न लावण्याचं.

पेटी फुटली. वाळू आठ बादल्यांत गेली आणि सहा पाट्या मोकळ्या भिंतींवर लागल्या. खिडकीचे गज कापून बिजागरीवर बसले, आतून साध्या खिटीने उघडणारे. (माकडांना अजून जमलेलं नाही. प्रयत्न चालू आहेत.) मुख्य दार मात्र रईस मियाँना शुक्रवारपर्यंत उलटवता येईना, त्यांच्या भाचीचं लग्न होतं. तोवर जायला-यायला म्हणून वसुधाने दांड्याला परकराची एक नाडी बांधली. दांडा बोटाने दाबून नाडी ओढायची, दार आत उघडायचं. आठवडाभर दिवसातून पन्नास वेळा मी ती नाडी ओढत होतो. मला काम नव्हतं ना!

राहिले नाना. दार बाहेर उघडायला ते तयार होईनात. गुरुवारी रात्री जेवताना पुन्हा लक्ष्मी आली. म्हणजे विषय आला.

‘‘वसू, माझं म्हणणं एवढंच, तिच्यासमोर दार बाहेर आलं तर ती परत जाईल.’’

 सई भाकरी मोडता मोडता म्हणाली, ‘‘नाना, लक्ष्मीजी के चार हाथ हैं. एक से हैंडल खींच लेंगी. बच्चों के तो दो ही हैं, और एक में टिफ़िन.’’

नानांचा घास हातातच राहिला. त्यांनी पूर्ण जेवण होईपर्यंत यावर विचार केला. हात धुऊन आले, पुसले, आणि म्हणाले, ‘‘चार आहेत, हे खरं आहे.’’ शुक्रवारी सकाळी रईस मियाँ आले तेव्हा बिजागऱ्या धरून उभे राहिले ते नाना. बाहेरच्या बाजूला एक छानशी पितळी मूठ लावायला लावली त्यांनीच. ‘‘तिच्यासाठी,’’ म्हणाले. रईस मियाँनी मूठ चमकेपर्यंत पुसली आणि म्हणाले, ‘‘आएँगी, हुज़ूर. ज़रूर आएँगी.’’ दांडा मुलांच्या उंचीवर खाली आणला आणि दार आपोआप मिटावं म्हणून वर एक यांत्रिक हातही बसवला. मी फक्त एक गोष्ट केली, आणि तीही वसुधाला विचारून. दांड्याच्या वर, डोळ्यांसमोर, तीन भाषांत पाटी चिकटवली. ढकला.

शनिवारी श्रीवास्तव साहेब आले. आठही मुलं आली, आठही आया आल्या. या वेळी भाषण नव्हतं. वसुधाने टाळी वाजवली. ‘‘चलो बच्चो, चिड़िया उड़ी!’’ ही तिने त्यांना आल्या आल्या शिकवलेली खूण. पिहू सगळ्यांत पुढे होती. तिने एका हातात बाटली, दुसऱ्या हातात बाहुली, असं धरून दांड्यावर पोट टेकवलं. दार बाहेर उघडलं, इतकं अलगद की जणू ते तिचीच वाट बघत होतं. पाठोपाठ सगळी पिल्लं भुर्रकन बाहेर. मग आया, मग वसुधा, मग साहेब. नाना व्हरांड्यात घड्याळ धरून होते, आणि या वेळी ते बघायला विसरले नाहीत.

‘‘बहुत बढ़िया!’’ बाहेरून साहेबांचा आवाज आला. मग कागदाची सळसळ, मग सहीचा कुर्र आवाज. मग टाळ्या. आया, मुलं, नाना, रईस मियाँ, सगळ्यांच्या टाळ्या! वसुधा हसली, ते मला भिंतीतूनही ऐकू आलं.

मी आत होतो. मागची खोली रिकामी आहे ना हे बघायला मीच स्वतःला नेमलं होतं. टाळ्या ऐकून माझा ऊर भरून आला. शेवटी हे सगळं सुरू कोणी केलं? मी केस नीट केले, सदरा खाली ओढला, चेहऱ्यावर विनम्र हसू आणलं आणि टाळ्या स्वीकारायला बाहेर पडण्यासाठी दांडा धरून जोरात ओढला.

दार उघडलं नाही.

मी पुन्हा ओढला. दोन्ही हातांनी ओढला. चौकटीला पाय लावून ओढला! नाकासमोर माझ्याच अक्षरात, तीन भाषांत ‘ढकला’ लिहिलेलं होतं. बाहेर टाळ्या हळूहळू थांबल्या. खिडकीच्या नव्या गजांशी एक बाहुली दिसली, मग पिहूचं नाक, आणि मग सगळ्या विकास नगराला ऐकू जाईल असा तिचा आवाज आला.

‘‘मैडम! सबसे बड़ा वाला बच्चा तो अंदर ही रह गया!’’